चबनी हड्डी

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दस्तरखानावर हमखास भांडण व्हायचं. सीन्याच्या मटणातली चबनी हड्डी कुणाच्या ताटात जाणार? आम्ही चार भावंडं. अम्मी रश्शातून एकेक तुकडा हेरून काढायची, पहिला स्वतः चावायची, 'वाटणारीचा हक्क' म्हणायची आणि मग उरलेले आमच्यात वाटायची. तोंडात कर्रकन आवाज आला की ज्याच्या वाट्याला काही आलं नाही तो रुसायचा.

कुर्बानीचा बकरा आणताना अब्बा आधी त्याचे कान चाचपायचे. कान फाटलेला, कापलेला जनावर नको. कानात हाड नसतं, तरी तो ताठ उभा कसा राहतो, असं आम्ही विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तीच चबनी हड्डी. तुमच्या कानातही आहे, नाकातही." त्या दिवशी आम्ही एकमेकांची नाकं दाबून हैराण केली. कसाबचाचा मांडीचा सांधा सोडवायचे तेव्हा आम्ही वाकून बघत असू. हाडाचं टोक निळसर पांढरं, काचेसारखं चमकायचं. बोट लावलं तर निसटायचं. बर्फावर बर्फ घासला तरी इतका सहज सरकत नाही, हे पुढे वाचलं. बकरा कोवळा आहे की जून, हेही चाचा सीन्याच्या हाडावरून सांगायचे. वय वाढतं तशी तिथली मऊ हड्डी खऱ्या हाडात बदलत जाते.

आमचं गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठी, त्यामुळे या विषयाचा दुसरा धडा माशांनी दिला. मोरीचा रस्सा आम्हांला फार प्रिय, कारण काटे काढायची कटकट नाही. मोरीच्या अंगात खरं हाड नाहीच. सगळा सांगाडा याच मऊ पदार्थाचा, मणक्यांना तेवढा चुन्याचा कडकपणा आलेला. पाकटाचंही तसंच. हाडापेक्षा हलका सांगाडा, म्हणून पोटात हवेची पिशवी नसतानाही मोरीला पाण्यात फिरणं जमतं. माणूस आईच्या पोटात असतो तेव्हा त्याच्या हातापायांची हाडंही आधी याच मऊ साच्यात घडतात आणि मग टणक होतात. मराठी पुस्तकांत या पदार्थाला कूर्चा, कास्थी, उपास्थी अशी तीन नावं सापडली. अरबीत गुजरूफ. इब्न सीना यांनी अकराव्या शतकात 'अल-कानून'मध्ये तिचं काम सांगितलं आहे. हाडाहून मऊ, बाकी अवयवांहून कठीण, अशी ती दोघांच्या मध्ये असते. म्हणजे कठीण भागाने मऊ भागाला इजा होत नाही.

हे सगळं वाचायची वेळ आली ती अम्मीच्या गुडघ्यांमुळे.

तिचं वय तेव्हा अडुसष्ट. फजरला उठताना ती भिंतीला हात लावते, हे आमच्या लक्षात आलं होतं. आम्ही तेल आणून दिलं आणि विसरलो. मग एका रमजानमध्ये तरावीहच्या वेळी ती सजद्यातून उठूच शकली नाही. दोघांनी धरून उठवलं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला. "कूर्चा एक्सरेत दिसत नाही," ते म्हणाले, "दोन हाडांमधली फट दिसते. त्या फटीत ती असते." अम्मीच्या उजव्या गुडघ्यात एका बाजूला फटच नव्हती.

इतकं झिजेपर्यंत कळलं कसं नाही? कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या चिकट पाण्यातून. भार पडला की स्पंजासारखं पाणी बाहेर जातं, भार उतरला की परत आत येतं. रक्त नाही म्हणून फाटली की नीट सांधत नाही, आणि नसा नाहीत म्हणून झिजताना दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड उघडं पडू लागल्यावर आणि आजूबाजूचं सुजल्यावर. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतर आमच्या डॉक्टरांनीही फार वेगळं काही सांगितलं नाही.

आमची भाची पुण्यात ॲनिमेशन शिकते. घरात एक्सरे फिरत होता तेव्हा तिने आपली वही दाखवली. तिला हत्तीची कवटी देऊन त्यावर प्राणी चढवायला सांगितलं होतं. कवटीवर ना सोंड, ना सुपाएवढे कान. मधोमध एक मोठं भोक, ते नाकाचं. ज्याने हत्ती पाहिला नाही तो त्याला डोळाच समजेल. "हाडावरून काढलं की सगळं चुकतं," ती म्हणाली. अम्मीने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "माझा गुडघा पण काढ मग."

आमच्यातला थोरला कुवेतला. त्याने गोळ्यांची महागडी बाटली पाठवली, शार्कच्या कूर्चेपासून बनवलेल्या. अम्मीला लेबल वाचून दाखवलं. "म्हणजे मोरीच ना? मग रस्सा करते, गोळी कशाला?" तरी सहा महिने घेतल्या. याच प्रकारच्या गोळ्यांची अमेरिकेत दीड हजारांहून जास्त रुग्णांवर तपासणी झाली होती आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापून आला होता. एकूण रुग्णांत साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय फायदा नाही. हे आम्हांला बाटल्या संपल्यावर कळलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत दीड लाखांहून ५४,७२० रुपयांवर आली, कर वेगळा. आमची पैशाची सबब गेली. अडचण दुसरीच निघाली. नवा गुडघा साधारण एकशेवीस अंशांपर्यंत वाकतो. सजद्यात आणि कायद्यात बसताना तो त्याहून पुष्कळ जास्त दुमडावा लागतो. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं बंद. अम्मीने हिशोब केला. दिवसाच्या फर्ज रकाती सतरा, सजदे चौतीस. "चौतीस जातील, दुखणं जाईल. हा कसला सौदा?" आम्ही मौलानांना घरी आणलं. आजाऱ्याला खुर्चीवर नमाज जायज आहे, हे त्यांनी शांतपणे समजावलं. तिला ते आमच्याआधीपासून माहीत होतं. चहा देऊन तिने त्यांना निरोप दिला.

आम्ही चौघंही तिच्या मागे लागलो होतो. खरं सांगायचं तर त्यात आमचीही सोय होती. रात्री तिला उठवायला कुणीतरी घरी लागायचं, आणि दोघांच्या नोकऱ्या मुंबईला होत्या. हे आम्ही तिच्यासमोर बोललो नाही. तिने ओळखलं असावं.

२०१८ च्या थंडीत तिने उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आदल्या रात्री इशा तिने जमिनीवरच पढली. दाराबाहेर आम्ही उभे होतो. शेवटच्या सजद्यातून तिने हाक मारली नाही, म्हणून आम्हीही आत गेलो नाही. बराच वेळ लागला.

आता खिडकीजवळ लाकडी खुर्ची आहे. ती बिनदुखता जिना चढते, बाजारात जाते. डाव्या गुडघ्याचा विषय काढला तर म्हणते, "तो राहू दे, तो माझा आहे." गेल्या बकरी ईदला सीन्याचं मटण झालं तेव्हा तिने सवयीने पहिला तुकडा तोंडात टाकला. नव्या कवळीने तो चावेना. तो तोंडातच ठेवून ती नातवंडांना बाकीचे वाटत राहिली.