सोलापूरचे पक्षी आणि शिसपेन्सिल

सोलापूर म्हटले की परगावच्या माणसास चादरी आठवतात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवते, आणि येथील ऊन तर या सर्वांच्या आधी आठवते. हाती पेन्सिल व मांडीवर कागद घेऊन पक्षी काढीत बसण्यासाठी कोणी या गावी यावे, ही कल्पना पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की, या कोरड्या पठारावर जेथे जेथे पाणी अडविले गेले तेथे पक्षी जमले. आणि जेथे पाण्याचा टिपूस नाही अशा उघड्या माळावर जो पक्षी राहिला, त्याची जोड तर साऱ्या महाराष्ट्रात मिळणे कठीण. मारुती चितमपल्ली यांच्यासारखा पक्ष्यांचा कोशकार याच गावी १९३२ साली जन्मला, आयुष्यभर अरण्यात हिंडून उतारवयात येथेच परतला आणि २०२५ च्या जून महिन्यात येथेच निवर्तला.

नवशिक्याने प्रारंभ करावा तो सिद्धेश्वर तलावाच्या काठी. एका अंगास मंदिर, दुसऱ्या अंगास भुईकोट किल्ल्याचे बुरूज, आणि काठाशी मान आखडून बसलेला वंचक. वंचक म्हणजे फसविणारा. बसला असता हा मातकट बगळा चिखलाच्या ढेकळात मिसळून जातो, आणि उडाला की एकाएकी पांढराशुभ्र दिसतो; नाव ठेवणाऱ्याने मोठ्या मार्मिकपणे ठेवले आहे! चित्रकाराला त्याच्यासारखा सोशीक नमुना मिळावयाचा नाही. बराच वेळ तो हलत नाही.

माझी नात एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तिच्या व तिच्या मैत्रिणींच्या वह्या चाळताना माझ्या ध्यानात आले की, मुले पिसापासून आरंभ करतात आणि पक्षी शेवटपर्यंत उभा राहत नाही. आधी अंड्यासारखा एक आकार धडासाठी, त्यावर लहानसा एक डोक्यासाठी, मग चोचीच्या रेषेवरून डोळ्याची जागा. एवढे एचबी पेन्सिलीने हलक्या हाताने साधले, म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. पायांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पक्ष्याचा गुडघा मागे वळतो असे लहानथोर सर्वच मानतात. तो गुडघा नव्हे, घोटा होय. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. हे एकदा कळले म्हणजे बगळ्याचे पाय काठ्या रोवल्यासारखे येत नाहीत.

ओघात आले म्हणून सांगतो. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे मुळीच नसते. ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचा आणि हिऱ्याचा सख्खा भाऊ. १७९५ च्या सुमारास काँते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मळून भाजली. माती अधिक तर पेन्सिल कठीण व रेषा फिकट, ग्रॅफाइट अधिक तर ती मऊ व काळी. बगळ्याच्या चोचीची कड २एचने, अंगावरील छाया २बीने आणि बुबुळाचा काळिमा ६बीने, इतका सरंजाम पुरतो. बुबुळातील प्रकाशाचा ठिपका मात्र रंगवावयाचा नसतो. तेथे कागदच कोरा राखावयाचा.

विजापूर रस्त्यावरील कंबर तलावावर खंड्या बसतो, आणि तेथे रंगीत पेन्सिलींची परीक्षा होते. मुले निळी पेन्सिल घेऊन ती जोराने घासतात. खंड्या न होता शाळेची दौत होते. त्या पक्ष्याच्या निळ्या पिसात निळा रंग असा नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ते निळे दिसते. तेव्हा आधी फिकट आकाशी, त्यावर किंचित हिरवी, मग गडद निळी आणि सावलीत थोडी जांभळी, असे हलके थर एकावर एक चढवावे लागतात. रंगीत पेन्सिलीत रंग मेणात वा तेलात बांधलेला असतो. एकदा दाबून लावला की तो रबराने नीट निघत नाही, आणि गडद थरावर पांढरी पेन्सिलही चालत नाही. म्हणून उजेडाच्या जागा आधीच सोडून ठेवण्याची सवय हवी. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत सादृश्य व वर्णिकाभंग ही दोन आहेत. वर्णिकाभंग म्हणजे रंगांची योजना. मूळ शब्द शिकविताना मी तो केवळ पाठ करवून घेत असे. खंड्यासमोर बसल्यावर त्याला काही अर्थ आला.

घरच्या प्राण्यांचे निराळे. मांजर निजले की मिळते, कुत्रा जेवल्यानंतर मिळतो. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेनेच पेन्सिल ओढावी, आणि काळ्या कुत्र्याला केवळ काळ्या पेन्सिलीने काढू नये; उन्हात त्याच्या पाठीवर निळसर व तपकिरी छटा स्पष्ट दिसतात. पोपटाविषयी मात्र सांगणे अवश्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. अद्याप कित्येक सोज्ज्वळ घरांच्या ओसरीवर तो टांगलेला दिसतो. चित्रासाठी हवा असेल तर कडुलिंबावर पुष्कळ येतात.

तुळजापूर रस्त्यावरील हिप्परगा तलावास हिवाळ्यात अवश्य जावे. काव्यातला चक्रवाक तेथे प्रत्यक्ष पोहताना दिसतो. ज्यांनी त्याच्या रात्रीच्या विरहाची वर्णने वाचली आहेत, त्यांना हे तांबूस नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे धष्टपुष्ट बदक पाहून थोडे हसू येईल. लडाख-तिबेटाकडून तो इतक्या दूर येतो, हे मात्र कवींच्या कल्पनेहून थोर आहे.

मी मुलांना एक नियम घालून दिला आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, स्थळ, आणि ‘प्रत्यक्ष पाहून’ की ‘छायाचित्रावरून’ हे लिहावयाचेच. हल्ली हातातील यंत्रावर हवा तो पक्षी क्षणात मिळतो, आणि चित्रही सुबक उतरते. त्यात वावगे काही नाही. पण कोणते चित्र कशावरून, हे लपवू नये.

नातीच्या हट्टावरून आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजला गेलो. हे माळढोकाचे अभयारण्य १९७९ साली झाले. प्रथम त्याचा विस्तार कागदोपत्री साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता, आणि त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले होते. २०१२ मध्ये तो कमी करून बाराशेवर आणला. माळढोक म्हणजे सुमारे मीटरभर उंचीचा, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा पक्षी. पांढरी मान, माथ्यावर काळी टोपी, पाठीवर तपकिरी रंगाची अशी बारीक नक्षी की चार छटांच्या पेन्सिली झिजाव्यात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. सलीम अली यांनी याच पक्ष्यास राष्ट्रीय पक्षी करावे असे सुचविले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज साऱ्या देशात तो जेमतेम दीडशेच्या आतबाहेर आहे, बहुतेक जैसलमेरकडे. तेथे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचा उद्योग चालू आहे. सोलापुरास अगदी एखाददुसरा उरला आहे.

माळरान नांगराखाली गेले, शिकार झाली, ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. आणखी एक कारण चित्र काढणाऱ्यास लवकर पटेल. याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. जमिनीवर त्यामुळे चहूकडचे दिसते, पण उडताना नेमके समोरचे फार थोडे दिसते. अंग जड, वळण्यास वेळ लागतो. विजेच्या तारा दिसेपर्यंत तो त्यांवर आदळतो. नातीने डोळ्याची जागा तीनदा खोडून काढली होती, तिला हे दोनदा सांगावे लागले नाही.

पहाटेपासून दहापर्यंत आम्ही मनोऱ्यावर होतो. काळविटांचा कळप आला. भोवत्या ससाणा गवतावरून तरंगत गेला. धाविक नावाचा तुरुतुरु पळणारा चिमुकला पक्षी अगदी जवळ आला, आणि तिने त्याची पाच रेखाटने केली. माळढोक दिसला नाही. मी आपले सांत्वनाचे दोन शब्द बोललो. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही लहानपणी पाहिला होता ना? मग तुम्ही का नाही काढून ठेवला?” आमच्या लहानपणी माळढोक काढून ठेवण्याजोगी वस्तू आहे असे कोणाच्याच ध्यानी आले नव्हते, एवढेच मी तिला सांगू शकलो.

घरी आल्यावर तिने आठ दिवस खपून माळढोकाचे मस्तक काढले. उत्तम उतरले आहे. माथ्याच्या काळ्यात तिने निळा मिसळला आहे. कोपऱ्यात ‘छायाचित्रावरून’ असे लिहिले आहे. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर मिरवतो. त्या दिवसांत वनखात्याची परवानगी काढून पुन्हा नान्नजला जावयाचे ठरले आहे.