धुळीचा मालक

आमच्या चाळीतला एक मित्र तरुणपणी ऑस्ट्रेलियात पर्थला गेला आणि तिकडचाच झाला. आता निवृत्त आहे. आपल्याकडे मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, त्या दिवसांत तिकडे हिवाळा असतो. ऊन सोसवतं, माश्यांचा जाच कमी होतो. मग तो आणि त्याचे सवंगडी गाड्यांना कॅराव्हॅन जोडतात आणि कालगुर्लीच्या उत्तरेला, मेन्झीज-लिओनोराच्या लाल मातीत, सोनं शोधायला निघतात. दिवसभर कानाला हेडफोन, हातात डिटेक्टर. संध्याकाळी शेकोटी. सापडतं काय, तर बहुतेक वेळा गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे, जुनी काडतुसं. कधीतरी तांदळाच्या दाण्याएवढं सोनं. त्याचा फोटो आमच्या ग्रुपवर येतो तेव्हा शेजारी काडेपेटीतली काडी ठेवलेली असते, दाणा मोठा वाटावा म्हणून.

यात डिझेलचेही पैसे सुटत नसणार. आमच्यातल्या एकाने, कापडबाजारात आयुष्य गेलेल्या माणसाने, हे त्याला फोनवर ऐकवलंच. तो म्हणाला, ‘‘नफाच हवा असता तर तुझ्या शेजारी गाळा नसता का घेतला?’’

आशा मात्र अगदीच हवेतली नाही. १८६९ मध्ये व्हिक्टोरियात, मोलियागुल गावापाशी, जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या जोडीदारांना झाडाच्या मुळाशी, मातीच्या अगदी वरच्या थरात, सत्तर किलोंहून जड सोन्याचा गोळा लागला. तो तोलायला पुरेसा मोठा काटाच नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून फोडला. १९८० मध्ये त्याच भागात, किंगोवरला, डिटेक्टरने सत्तावीस किलोंचा गोळा दाखवून दिला. अशा दोन गोष्टी चार पिढ्यांना घराबाहेर काढायला पुरतात.

मला हेवा वाटतो तो सोन्याचा नाही. तिकडे ‘मायनर्स राइट’ नावाचा साधा परवाना काढला की मोकळ्या सरकारी जमिनीवर हिंडता येतं आणि सापडलं ते सोनं आपलं. एक अट अशी की खणलेला खड्डा बुजवायचा. (हा नियम आमच्या रस्तेखोद्यांना कोणी शिकवेल काय?) एवढी जमीन, बरोबर मित्र, आणि ‘कोणाला विचारून आलात’ म्हणणारा कोणी नाही. आता, ती जमीन खरोखर बेवारशी होती असंही नाही. १८९३ मध्ये पॅडी हॅननला कालगुर्लीला सोनं लागलं आणि हजारो लोक त्या कोरड्या मुलखात धावले. मूळ रहिवाशांचे पाणवठे त्यांनी ताब्यात घेतले, आणि मग जमीनही. आजचा मोकळेपणा त्यावर उभा आहे.

आम्ही हिंदमाताकरांनी हा खेळ खेळायचा म्हटला तर? पायाखाली लाव्हाचा काळा खडक, त्यात सोनं नाही. ते जुन्या खडकांत असतं, पूर्व विदर्भात थोडंफार, नाहीतर कोलारला. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. शिवाय खाणी आणि खनिजांचा १९५७ चा कायदा आहे. परवान्याशिवाय खनिज शोधता येत नाही. पुरलेलं धन लागलं तर १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवा. दहा रुपयांत आज जेमतेम कटिंग येतो.

खरं तर आमच्या गिरणगावात सोनं शोधायला कोणी निघालंच नाही. ते घरातून बाहेर जायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागच्या खोल्यांतून आधी पाटल्या गेल्या, मग बोरमाळ, शेवटी मंगळसूत्रातल्या वाट्या. सराफाच्या पेढीची पायरी तेव्हा चढली ती मोडायला.

महाराष्ट्रात सोनं शोधत फिरणारे आहेत, पण त्यांच्या भटकंतीला पर्यटन म्हणत नाहीत. गोंदिया-भंडाऱ्याकडचे सोनझारी पूर्वी वैनगंगेच्या वाळूतून कण काढत. आता त्यांतली कित्येक कुटुंबं गावोगाव पालं ठोकतात आणि सराफ्यातल्या गटारांचा गाळ धुतात. पद्धत जगभर एकच. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू अडीचपटीच्या जरा वर. परात फिरवत राहिलं की वाळू वाहून जाते, सोनं बुडाशी राहतं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन पिढ्यान् पिढ्या हिंडणाऱ्यांना त्यात अर्थातच जागा नाही.

आणि मुंबईत? झवेरी बाजाराच्या वरच्या मजल्यांवर, कोंदट खोल्यांत, बंगाली कारागीर जमिनीवर बसून कानस चालवतात. तिथे काही फुकट जात नाही. केर झाडून पोत्यात भरतात. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात, गाळ बसू देतात. जुनी सतरंजी फेकत नाहीत, जाळून तिची राख गाळतात. हा सगळा कचरा धूलधोये पैसे मोजून विकत घेतात. मग चाळणं, धुणं, पाऱ्यात कण धरणं, पारा उडवणं, तेजाबात शुद्ध करणं. पाऱ्याची वाफ अंगात भिनते, हे अनेकांना ठाऊक असतं आणि तरी ते काम करतात, कारण पोत्यासाठी पैसे आधीच मोजलेले असतात. पोत्यातून किती निघेल याचा अंदाज चुकला तर तोटा त्यांचा. मित्राला दिवसभरात नुसते खिळे सापडले तर शेकोटीभोवती हसायला विषय होतो. धूलधोयाला हसणं परवडत नाही.

इथेच मला आमच्या शहराचं मर्म दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या त्या माळावर पडलेला कण ज्याला दिसेल त्याचा. इथे फरशीवर पडलेल्या धुळीलाही मालक आहे आणि तो ती विकतो. मुंबईत माणसाला हरवलेली वस्तू शोधता येते, सांडलेली शोधता येत नाही.

पण तो मालक तरी कोण? दागिना घडवताना जे सोनं कानशीत झडतं, त्याला सराफ ‘घट’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. केरातून परत मिळालं ते मात्र गिऱ्हाइकाला कधी वळतं झालेलं मी पाहिलं नाही. तेव्हा पुढच्या खेपेला दादरच्या रानडे रोडला किंवा झवेरी बाजारात दागिना घडवायला टाकाल तर घट किती धरली आहे ते पावतीवर वाचा, आणि ती कशी मोजली हे विचारा. पैसे तुमचेच असतात.