कामातून गेलेले

नेवाडातील पन्नास क्रमांकाच्या महामार्गावर मैलोगणती वस्ती लागत नाही. म्हणून ईली येताच मोटारघरे विसाव्याला थांबतात. राहते घर विकून चाकांवर संसार मांडलेली निवृत्त दांपत्येही त्यांत असतात.

ईलीत १९०६ साली रूळ आले ते तांब्यासाठी. १९४१मध्ये उतारूंची गाडी बंद झाली आणि १९८३मध्ये मालवाहतूकही थांबली. इतरत्र अशी यंत्रशाळा भंगारात निघते. ईलीने ती जशीच्या तशी राखली. वाफेची इंजिने तेथेच दुरुस्त होतात आणि हौशी उतारूंना घेऊन धावतात. काजळीने माखलेला, ‘डर्ट’ नावाचा बोका २०२३मध्ये मरेपर्यंत या शाळेचा जणू धनीच होता.

‘कामातून गेला’ हे मराठी यंत्राविषयी बोलते आणि माणसाविषयीही. तांबे गेले, तरी ईलीने इंजिनाला कामातून जाऊ दिले नाही. त्याचे काम मात्र बदलले. यंत्रशाळेच्या दाराशी एखादा वृद्ध प्रवासी हे पाहत रेंगाळतो. पत्नी दोनदा हाक मारते. निघण्यापूर्वी तो आपल्या मोटारघराचे तेल तपासतो. जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ.