सोयाबीन पिवळं पडलं आणि माझी बातमी चुकली

काल एका ओळखीच्याचा फोन आला, "पत्रकार, सोयाबीन पिवळं पडायलंय, बातमी लावा की." यावेळी मी आधी शेतात गेलो. कारण सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी अशीच झड लागली होती. मी बांधावरही न जाता, फोनवर ऐकून बातमी दिली. मथळा: 'सोयाबीनवर अज्ञात रोग'. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशक, बुरशीनाशक, मिळेल तो डबा उचलला. माझ्या चुलत्यांनीही. वर युरिया टाकला तो वेगळाच. पीक पिवळंच. नाना एवढंच म्हणाले, "तूच लिवलास की रोग म्हणून."

मग एका निवृत्त कृषी सहायकांनी मला शेतात नेलं. म्हणाले, "आधी वरचं पान बघा, मग खालचं." वरची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. खालची जुनी पानं हिरवीगार. नत्र कमी असतं तर उलटं झालं असतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही. मोझॅक असता तर शिरांचा हिशोब न ठेवता पिवळे चट्टे दिसले असते.

म्हणजे लोहाची कमतरता. आणि आपली काळी जमीन तर बेसाल्टची, लोह तिच्यात रग्गड! पण चुनखडी जास्त, सामू आठच्या वर गेला, की ते विरघळून मुळाला मिळत नाही. त्यात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, बायकार्बोनेट वाढतं, लोह आणखी अडकतं. लोह नाही तर हरितद्रव्य नाही, वाढ तिथंच खुंटते.

उपाय काय, तर चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारा. डब्यांच्या मानानं चिल्लर खर्च.

जमीन आरोग्य कार्ड योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. कार्डावर १२ गोष्टी असतात, त्यात लोहही. नानांचं कार्ड पत्र्याच्या पेटीत निघालं. पण योजनेच्या हिशोबात कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक नमुना. १० हेक्टर म्हणजे २५ एकर! आमच्याकडे तेवढ्यात दहा-बारा सातबारे निघतात. माळाचा मुरूम आणि नाल्याकाठची चुनखड, दोघांना एकच आकडा. नानांचं रान नाल्याकाठी आहे. नमुना कुणाच्या रानातला, कुणालाच सांगता आलं नाही. यावर बातमी व्हायला हवी होती, ती मी तेव्हा केली नाही.

दुरुस्ती मात्र छापून आणली. आतल्या पानावर, चार ओळी. नानांनी ती वाचलीच नाही.

कालच्या रानातही तेच. पाणी तुंबलेल्या खालच्या पट्ट्यातच पीक पिवळं, वरचं चांगलं. तुमच्याकडे असं असेल तर डबा आणण्याआधी दोन पानं तोडून बघा. कार्ड असेल तर लोहाचा आकडा ४.५ पीपीएमच्या खाली आहे का पाहा, आणि नमुना नक्की तुमच्याच रानातला होता का, तेही ग्रामसभेत विचारा.