मागच्या रांगेतला प्रश्न

संध्याकाळी कपडे करून घराबाहेर पडायचे, ते व्याख्यानाला, गाण्याला किंवा लग्नाच्या स्वागत-समारंभाला, असा माझा आजवरचा शिरस्ता. या तिन्ही ठिकाणी कुठे बसावे, मान केव्हा डोलवावी आणि घड्याळाकडे कोणाच्या नकळत पाहावे, हे पुण्यात पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्यामुळे गेल्या जानेवारीत आमची धाकटी कन्या मला म्हणाली, "बाबा, शनिवारी संध्याकाळी डेमो आहे. येशील?" तेव्हा मी जरा गडबडलोच.

गडबडण्याचे कारण वेगळे होते. दीड वर्षापूर्वी तिने चांगली, दरमहा पगार देणारी नोकरी सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर स्वतःचा उद्योग काढला. त्याला हल्ली 'स्टार्टअप' म्हणतात. तिने मला हे सांगितले त्या दिवशी मी फक्त "बरं" म्हणालो. रागावलो असतो तर भांडण होऊन ते मिटलेही असते. पण माझ्या त्या "बरं"ला ना दार होते ना खिडकी. पुढे दीड वर्ष आम्ही बापलेक भाजी, पाऊस आणि आजीचा गुडघा यांवरच बोललो. तिच्या साठवलेल्या पैशाला मार्चपर्यंतच पुरवठा होता, हे मला कळले तेही सौभाग्यवतींकडून!

मी गेलो. जुन्या कारखान्याची शेड असावी तसा तो हॉल होता. दारात एका मुलाने माझ्या सदऱ्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली, तीवर केवळ माझे पाळण्यातले नाव! आडनाव नाही, 'श्री.' नाही. शंभरेक तरुण मंडळी हातात कॉफी आणि सामोसे घेऊन उभ्या उभ्या बोलत होती. मी मागच्या रांगेतली भिंतीजवळची खुर्ची धरली.

कार्यक्रमाचे नियम मात्र मला आवडले. प्रत्येकाला पाच मिनिटे. पाहुण्यांचा परिचय नाही, पुष्पगुच्छ नाही, दीपप्रज्वलन नाही. आपण काय केले ते सांगायचे नाही, दाखवायचे. मग प्रेक्षकांनी तीन मिनिटे प्रश्न विचारायचे. घंटा वाजली की उतरायचे. आमच्याकडे नुसते आभारप्रदर्शन याहून लांबते!

शेजारचा मुलगा बोलका होता. त्याच्याकडून मला या पंथाचा इतिहास कळला. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क गावी एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी घरी बनवता येणाऱ्या संगणकाविषयी बोलायला जमली. त्यांच्या मंडळाचे नाव 'होमब्रू कंप्युटर क्लब'. पहिल्या बैठकीला आलेल्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक होता. पुढे त्याने केलेला पहिला 'ॲपल' संगणक याच मंडळींपुढे मांडला गेला. चित्रकार, वास्तुकार यांच्याही अशा रात्री असतात म्हणे. २००३ साली तोक्योत दोघा वास्तुकारांनी 'पेचाकुचा' नावाचा प्रकार सुरू केला: वीस चित्रे, प्रत्येक चित्रावर वीस सेकंद, की खेळ खलास. गणिताची सवय म्हणून मी हिशेब केला. सहा मिनिटे चाळीस सेकंद!

हे सारे परदेशी खूळ, असे मनात येते न येते तोच मला दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला भांडवल देणार कोण? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत त्याचे थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' हे चिमुकले चित्र त्यांनी निवडक लोकांना दाखवले, तेव्हा कुठे कर्ज मिळायची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे हा डेमोच की! लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचेही तेच. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्याला हात लावीनात. नांगर चांगला असून भागत नाही, तो शेतात चालताना कोणीतरी उभे राहून पाहावा लागतो.

इतक्यात कन्येचे नाव पुकारले गेले.

ती हातात प्लास्टिकची बादली घेऊन आली. आमच्या न्हाणीघरातली हिरवी बादली! दोन दिवस ती शोधून सौभाग्यवतींनी मोलकरणीला बोल लावला होता. बादलीवर काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली. ती डबी ऐकू न येणारा आवाज पाण्यावर सोडते, तो उलटून यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते ताडते आणि सोसायटीच्या गच्चीवरल्या टाकीची बातमी तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या फोनवर पाठवते. टाकी भरली की पंप आपोआप बंद.

तिने तांब्याने पाणी ओतले. पडद्यावरचा आकडा हलेना. पुन्हा ओतले. आकडा तिथेच. हॉलमध्ये शंभर फोन एकाच वेळी हवेतून बोलत होते, त्या गलक्यात हिच्या डबीचा आवाज कोण ऐकणार? पाचांतली दोन मिनिटे गेली. माझ्या तळहाताला घाम सुटला. बक्षीस समारंभात कविता विसरून उभी राहिलेली सात वर्षांची पोर मला पुन्हा दिसू लागली.

पण ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "इथलं जाळं गर्दीनं भरलंय. तार लावते." तार लावली, तांब्या ओतला, आणि आकडा सरसर चढला. टाळ्या पडल्या. मग तिने जे केले त्याची मला अपेक्षा नव्हती. ती म्हणाली, "एक गोष्ट अजून जमलेली नाही. दिवसभर आकडा बरोबर येतो, पण पहाटे चुकतो. टाकी अर्धी असली तरी भरलेली दाखवते. आम्ही सगळ्या जोडण्या तपासल्या. कारण सापडलेलं नाही."

पहाटे! माझा हात केव्हा वर गेला मला कळले नाही. बारा वर्षे मी आमच्या सोसायटीचा चिटणीस होतो. पाण्याच्या कटकटीपायी थंडीच्या पहाटे टॉर्च घेऊन मी किती वेळा गच्चीवर चढलो असेन याची गणती नाही.

"झाकण उघडून पाहिलंत का?" मी उठून विचारले. "पहाटे टाकीतलं पाणी कोमट असतं आणि वरचं झाकण गार पडलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, चहाच्या ताटलीसारखे. तुमची डबी झाकणालाच असेल, तर तिच्या तोंडावरही थेंब बसत असणार. आवाज पाण्यापर्यंत जातच नसेल."

हॉल क्षणभर गप्प झाला. तिने माझ्याकडे पाहिले, वहीत काहीतरी टिपले आणि म्हणाली, "प्रश्न फार महत्त्वाचा आहे, सर. तुम्हाला वेळ असेल तर नंतर बोलू."

जन्मात पहिल्यांदा तिने मला 'तुम्ही' म्हटले! शेजारचा मुलगा कुजबुजला, "काका, तुम्ही इंजिनिअर का?" मी म्हटले, "नाही, चिटणीस."

त्या रात्री स्कूटरवर तिच्या मागे बसून येताना बादली माझ्या मांडीवर होती. आम्ही दोघेही गप्प होतो. नळ स्टॉपाशी तिने गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाली, "सर, चहा घेणार?" मग आम्ही दोघेही इतके हसलो की टपरीवाला पाहतच राहिला. चहा पिताना मी तिला दीड वर्षात न विचारलेले सगळे विचारले. डबीला खर्च किती येतो, मैत्रीण काय काम करते, रात्री झोप लागते का. शेवटच्या प्रश्नावर ती जरा थांबली. "आज लागेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दोघे टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. मी झाकण उचलले. आतून ते थेंबांनी गच्च भरले होते, आणि डबीच्या तोंडावरही तीन टपोरे थेंब लोंबत होते.

आता ती डबी झाकणाला नसते, वेगळ्या आडव्या पट्टीवर बसते. मार्च आला नि गेला. नोकरीचा अर्ज तिने केला नाही. तीन सोसायट्यांच्या गच्च्यांवर तिची यंत्रे चालू आहेत. त्यांतली एक आमचीच. तिचे पैसे मात्र आमच्या सोसायटीने अजून दिलेले नाहीत. नवे चिटणीस म्हणतात, ठराव व्हायला हवा. पुढच्या सभेत मी मागच्या रांगेत बसणार आहे आणि हात वर करणार आहे.