सव्वा महिन्याच्या आत

आईच्या पोटात काळोख असतो, आणि डोळे त्या काळोखातच घडतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि मधून कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड त्या 36व्या आठवड्याच्या आसपास गाठतात. कानाकडची गाठायला मात्र पुरते दिवस भरावे लागतात. पोटात प्राणवायू बेताचाच असतो आणि त्या बेतातच ही वाढ होत राहते. बाळ सातव्या महिन्यात जन्मलं की हे काम अर्ध्यावर थांबतं. पाटाचं पाणी शेताच्या टोकाला पोचण्याआधीच पाट फुटावा, तसं. मग काही आठवड्यांनी उपाशी राहिलेल्या भागाकडे नव्या वाहिन्या धावतात, पण कच्च्या, वेड्यावाकड्या. त्यांतून रक्त पाझरतं, व्रण धरतो आणि तो आखडला की पडदाच जागेवरून सुटतो. डॉक्टर याला आरओपी म्हणतात. आणि बाहेरून पाहाल तर बाळाचे डोळे स्वच्छ, काळेभोर.

माझी भाची 29व्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, अकराशे ग्रॅमची. तपासणीच्या दिवशी सिस्टरनी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, जिभेवर साखरपाणी टेकवलं. डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधला, तारेच्या इवल्याशा चिमट्याने पापण्या फाकवल्या आणि हातातलं भिंग त्या डोळ्यावर धरलं. पोर रडत होती, पण त्या रडण्यात आवाजापेक्षा ओठांची थरथरच जास्त.

“मावशी, एवढुशा डोळ्यात काय दिसत असेल गं त्यांना?” भाचीने विचारलं. मी तिचा हात धरून उभी राहिले.

पुढे लेझर करावा लागला. जिथे वाहिन्या पोचल्याच नाहीत तो कडेचा भाग लेझरने जाळतात, म्हणजे तिथून प्राणवायूसाठी चाललेला आकांत थांबतो. कडेची थोडी नजर द्यायची आणि मधली, आईचा चेहरा ओळखणारी नजर राखायची. काही बाळांना डोळ्यात इंजेक्शन देतात. उपचार ठरला की तो दोन-तीन दिवसांत व्हायला हवा. त्यापुढचा प्रत्येक दिवस पडद्याच्या मुळावर येतो.

1942 साली बॉस्टनमध्ये थिओडोर टेरी यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या बंदिस्त काचपेट्या नव्या होत्या, त्यांत प्राणवायू सढळ हाताने सोडला जाई. 1951 साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्या प्राणवायूकडेच बोट दाखवलं. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ काही बाळांना प्राणवायू कमी देऊन पाहत होते, तेव्हा पोरं गुदमरतील या भीतीने काही नर्स रात्री गुपचूप नळ वाढवत. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. 1950 साली जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर याच आजाराने अंध झाला. पुढे प्राणवायू फारच आखडला, तर बाळं दगावू लागली. म्हणून आज पुन्हा बेतच सांभाळायचा असतो. आपल्याकडे अनेक लहान रुग्णालयांत हवा न मिसळलेला, सिलिंडरमधला निव्वळ प्राणवायू बाळाला मिळतो. त्यामुळे थोडी मोठी, वजनदार बाळंही या आजारात सापडतात.

रुग्णालयात आमच्या शेजारी असंच एक पावणेदोन किलोचं बाळ होतं. ते लवकर घरी निघालं. त्याची आजी सुनेला बजावत होती, “आता सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही.” मी डोळ्यांच्या तपासणीचं बोलले, तर म्हणाल्या, “अहो, टुकुटुकु बघतंय की!” त्या आजींची माया खोटी नव्हती. वारा लागू नये, कुणाचं दुखणं येऊ नये म्हणून आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या सव्वा महिना पाळला, आणि पुरत्या दिवसांच्या बाळांना तो मानवलाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडदा नेमका याच दिवसांत बिघडू लागतो. त्यातून बाळंतीण माहेरी गेलेली असते, रुग्णालयाचा कागद सासरी राहतो.

चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात 1996 साली जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलीची ही तपासणी झालीच नाही, आणि तिची दृष्टी गेली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे 1 कोटी 80 लाख रुपयांची भरपाई दिली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

म्हणून घरोघरच्या आज्यांना, मावश्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोंहून कमी भरलं असेल, तर तिसाव्या दिवसाच्या आत त्याचे डोळे तपासून घ्या. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. कानटोपी घाला, दुपट्यात गुंडाळा, पण न्या. आणि डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, तर तीही चुकवू नका.