चोथा, टरफल आणि अडलेली तोटी

घरी धान्यापासून बिअर करणाऱ्याच्या नशिबी एक शनिवार हमखास येतो. सकाळपासून सगळं आलबेल असतं. जवाचा माल्ट भरडला, ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर पाण्यात मुरवला, स्टार्चची साखर झाली, गोड वास सुटला. आता फक्त खालची तोटी उघडून रस काढून घ्यायचा. तोटी उघडली. लिटरभर आला, धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग तेही नाही. वर वीस लिटर लगदा आणि खाली कोरडी नळी!

(आधीच सांगून टाकतो. हा सगळा उद्योग अमेरिकेतला आहे. इथे १९७८ साली कायदा बदलला आणि दोन प्रौढ असलेल्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर करायची केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे. तेव्हा बुलढाण्याच्या दोस्तांनी वाचावं, करू नये. :))

तर धार अडली की माणूस पहिला संशय तोटीवर घेतो. फिरवून बघतो, नळीत फुंकतो, तार घालतो. पण बहुतेक वेळा तोटी निर्दोष असते. गाळण्याचं खरं काम तळाची जाळी करतच नाही, ते धान्याचा थर करतो. जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, मळणीत निघत नाही. भरडल्यावर त्या टरफलांचा एक सैलसर थर तळाशी बसतो आणि त्याच्या फटींतून रस झिरपतो. जाळी फक्त त्या थराला धरून ठेवते. टरफलाचं पीठ होईल इतकं बारीक दळलं तर फटीच उरत नाहीत. आणि गव्हाला तर टरफलच नाही, ते मळणीतच सुटतं.

इथल्या एका मित्राचं तेच झालं. अर्ध्याहून जास्त गहू घेऊन त्याने गव्हाची बिअर लावली होती. धार मंदावली तशी गड्याने तोटी पूर्ण उघडली आणि वरून पळीने लगदा दाबायला लागला. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. ती मेहकर तालुक्यातली. हातभट्टीने मोडलेले संसार तिने शेजारी राहून पाहिलेत, त्यामुळे या प्रकाराकडे ती पाठ करूनच बसली होती. पण गव्हाचा वास आला, आणि तो दाबतोय हे दिसलं, तेव्हा तिला राहवेना. "अरे दाबतं कायले? बसू दे ना त्याले!"

हे ज्ञान कुरडयांचं. आमच्याकडे उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. फडक्यातून गाळलेला चीक रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं, खाली घट्ट चीक बसलेला असतो. घाई केली की सगळं पुन्हा ढवळतं.

आईचं निदान बरोबर होतं, पण कुरडईचा हिशोब इथे अर्धाच लागू पडतो. कुरडईत स्टार्च हवा असतो आणि चोथा पिळून बाजूला काढायचा असतो. बिअरमध्ये स्टार्चची साखर होऊन ती पाण्यात उतरलेली असते, आणि चोथा हीच आपली गाळणी. ती पिळली की संपलं. तोटी पूर्ण उघडली तरी तेच होतं: खालचा रस वरच्यापेक्षा वेगाने निघून जातो, थर खाली ओढला जातो आणि विटेसारखा दबतो. म्हणजे जितका जोर, तितकी अडचण. हापिसात एखादी सिस्टिम तुंबली की तिच्यावर आणखी रिक्वेस्टा सोडणारे महाभाग आठवले!

मग काय करायचं? तोटी बंद करायची. शक्य असेल तर खालून थोडं गरम पाणी सोडून थर उचलायचा, नाहीतर लगदा तळापर्यंत हलक्या हाताने ढवळायचा. दहा-पंधरा मिनिटं बसू द्यायचं. तोटी अगदी किंचित उघडायची, पहिला गढूळ रस हळूच वर परत ओतायचा, स्वच्छ यायला लागला की भांड्यात घ्यायचा. लगदा ७६ अंशांपर्यंत तापवला तर रस पातळ होतो, आणखी सोपं जातं. त्याहून फार वर मात्र नको, टरफलातला तुरटपणा उतरतो. आणि पुढच्या वेळी गव्हाबरोबर भाताचं तूस धुऊन मिसळायचं, धान्याच्या पाच ते दहा टक्के. चवीत फरक पडत नाही, थर मोकळा राहतो. मित्राची धार त्या दिवशी तासाभराने सुरू झाली. आईने अर्थातच चाखली नाही, पण उरलेला चोथा बघून "याच्या पापड्या झाल्या असत्या" असं म्हणाली.

माझा डोळा आता ज्वारीवर आहे. लहानपणी आमच्या भागात खरिपात जिकडेतिकडे दिसणारी ज्वारी सोयाबीन आणि कपाशीपुढे मागे हटली. आफ्रिकेत तिची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. पण घरी करायला ती खट आहे. मळल्यावर दाणा उघडा, म्हणजे तुसाशिवाय गती नाही. तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून आधी वेगळी शिजवून मग गार करून माल्टमध्ये मिसळावी लागते. आणि मोड आणले तर कोंब आणि मुळ्या काढून टाकायच्या, कारण त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी जनावरापुढे टाकू नये असं गावात सांगतात, ते याचमुळे.

तेव्हा पहिल्या खेपेला मोड नाहीत. एक किलो ज्वारी शिजवून, चार किलो जवाचा माल्ट आणि अर्धा किलो तूस. तोटी पाव उघडी. शनिवार पूर्ण मोकळा ठेवलाय.